मोजणारी मोटार, पाहणारी मोटार

लेण्याद्रीच्या पायऱ्या मोजत चढण्याची सवय आमच्याकडे लहानथोर सर्वांनाच आहे. पायऱ्या तीनशेच्या आसपास; पण एकाची गणती दुसऱ्याशी जुळेल तर शपथ! बोलण्याच्या नादात एखादी पायरी सुटते आणि ज्याची सुटते त्याला ते कळतही नाही. यंत्रांच्या जगातही असाच एक मोजणारा आहे. कलाशाखेच्या मुलीने मोटारींवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण गेल्या वर्षी आमच्या घरात या विषयावर जेवढा खल झाला, तेवढा माझ्या लग्नावरही अजून झालेला नाही.

आमचे घर सुताराचे. आबा देव्हारे आणि चौकटी घडवतात. अलीकडे गिऱ्हाईक मोबाईलवर नक्षीचे चित्र दाखवते आणि “अगदी असेच हवे” म्हणते. म्हणून दादाने संगणकाच्या आकड्यांवर चालून लाकूड कोरणारे छोटे सीएनसी यंत्र घरीच जुळवायचे ठरवले. सांगाडा ठरला, स्क्रू ठरले. गाडे अडले ते मोटारींपाशी. स्टेपर घ्यावी की सर्वो?

दादाला सर्वो हवी होती. ती बरीच महाग. फरकाची रक्कम भिशीतून काढायची होती, आणि भिशी राखून ठेवली होती ती माझ्या पुण्यातल्या एम.ए.साठी. माहितीपत्रके सगळी इंग्रजीत आणि घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच. आबा म्हणाले, “तूच वाच, आन् काय घ्यायचं ते तूच सांग.” फिर्यादीलाच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवावे, तसे झाले!

वाचून कळले ते असे. स्टेपर मोटार ठरावीक पावलांनी फिरते. नेहमीच्या मोटारीचे एक पाऊल १.८ अंशांचे, म्हणजे एका फेऱ्यात २०० पावले. संगणक “शंभर पावले चाल” म्हणतो, ती चालते. पोचलीस का, असे तिला कोणी विचारत नाही. लाकडात गाठ लागून दोन-चार पावले हुकली, तरी पडद्यावरचा आकडा बरोबरच दिसत राहतो आणि हत्यार मात्र भलतीकडे कोरते. सर्वोला एन्कोडर नावाचा डोळा असतो. आपण कुठे आहोत हे तो सतत कळवतो, चूक दिसताच मोटार ती भरून काढते आणि फारच मागे पडली तर थांबून इशारा देते. शब्द मूळ लॅटिनमधला, अर्थ ‘दास’. १९५२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने आकड्यांवर चालणारे पहिले मिलिंग यंत्र दाखवले, तेही सर्वोवरच चालत होते.

मला त्यात आबांचा हात दिसला. पटाशीचा घाव घालावा, पाहावे, मग पुढचा घालावा. आमच्या डोंगरातले सातवे लेणे, जिथे गिरिजात्मज आहे, ते एकाही खांबाच्या आधाराविना कोरलेले प्रशस्त दालन आहे. एकदा उडालेला दगड परत बसवता येत नाही. तिथे न पाहता मोजून कसे चालले असते? तेव्हा दादाचे म्हणणे खोटे नव्हते. सागवानाची फळी वाया गेली तर देव्हाऱ्याची मजुरीही गेली.

मी दादाला आधीच सांगितले, “उत्तरात माझा स्वार्थ आहे. म्हणून हिशेब तू तपास.” मग दोघे वही घेऊन बसलो. आमचा स्क्रू एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकतो. म्हणजे एक पाऊल ०.०२५ मिलिमीटरचे. लाकडी नक्षीला एवढी बारकाई पुष्कळ झाली. कोरताना वेग मिनिटाला २ मीटर धरला, तर मोटारीचे मिनिटाला ४०० फेरे होतात. स्टेपरचा जोर कमी फेऱ्यांतच चांगला असतो. वेग वाढला की तो घटतो. सर्वो सहसा ३००० फेऱ्यांपर्यंत जोर टिकवते. पण त्यातले २६०० फेरे आमच्या पडवीत नुसतेच पडून राहिले असते. शिवाय सर्वोचा डोळा मोटारीवर असतो, हत्यारावर नव्हे. सांगाडा लवला तर तिलाही कळत नाही. लोखंड कापायचे असते, दिवसरात्र भरधाव काम असते, तर मीच भिशी मोडा म्हटले असते.

दादाने दोनदा आकडे तपासले. शेवटी गरजेच्या दुप्पट जोराच्या स्टेपर आणल्या, वेग बेताचा ठेवला आणि उरलेल्यातून थोडे सांगाडा जाड करण्यावर खर्च केले. डोळ्याची उणीव आबांनी भरून काढली. पलंगावर, म्हणजे यंत्राच्या पाटावर, त्यांनी पेन्सिलीची बारीक खूण केली आहे. प्रत्येक टप्पा झाला की हत्यार त्या खुणेवर परत आणायचे. बरोबर बसले तर पुढे. केसभर सरकले तर तिथेच थांबून शोध घ्यायचा. शाळा चौथीत सुटलेल्या आबांनी एन्कोडरचे मर्म माझ्याआधी ओळखले होते.

महाग वस्तू चांगली असते, यात वाद नाही. पण आपल्याला किती चांगली हवी, हे आपल्याच कामाला विचारावे लागते. आणि उत्तर सांगणाऱ्याचा त्यात लाभ असेल, तर हिशेब दुसऱ्याच्या हाती द्यावा. दादा अजून म्हणतो, धातूचे काम मिळाले की सर्वो घेणार. जरूर घ्यावी. तेव्हा पुढची भिशी त्याची.