दादीच्या आवाजाची अमानत

आमच्या घरात लग्न निघालं की हळदीच्या रात्री मोहल्ल्यातल्या बायका दादीभोवती जमायच्या. कोकणी बोलीतली लग्नाची गाणी तिला तोंडपाठ होती. ती कुठेही लिहिलेली नव्हती. तिच्या सासूने तिला दिली, तिने आमच्या अम्मीला आणि फुफीला दिली, आणि आम्हा तिघी बहिणींपर्यंत येईतो ती अर्धीमुर्धीच उरली.

म्हणून डिसेंबर २०१९ मध्ये सुटीत श्रीवर्धनला गेलो तेव्हा दादीला रेकॉर्ड करायचं ठरवलं. भाईच्या लॅपटॉपवर ऑडॅसिटी हा मोफत मिळणारा प्रोग्राम होता. दोन दिवस मगरिबनंतर पंखा बंद करून, दार लोटून बसलो. पहिल्या दिवशी दादी एकटी गायली, दुसऱ्या दिवशी सोबत अम्मीही. दादीने एकच अट घातली होती : हा आवाज घरच्या बायकांपुरता, परक्यांच्या कानावर जायला नको. आम्ही कबूल केलं. काम संपल्यावर ‘सेव्ह’ केलं, ती फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि मुंबईला परतलो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. आमच्या घराचे पत्रे उडाले, कपाटापर्यंत पाणी गेलं. लॅपटॉप भिजला तो पुन्हा सुरू झालाच नाही. दादी सुखरूप होती, आणि गाणी पेन ड्राइव्हवर होती, म्हणून आम्ही निश्चिंत राहिलो. त्यानंतर दादी वर्षभर आमच्यात होती. पुन्हा एकदा तिच्यासमोर बसता आलं असतं, पण बसलो नाही. ‘आहे ना आपल्याकडे’ हेच मनात.

जून २०२१ मध्ये दादी अल्लाहला प्यारी झाली. फुफी कुवेतला. तेव्हा तिकडची विमानं बंद होती, तिला आईचं शेवटचं तोंड पाहता आलं नाही. काही दिवसांनी तिचा फोन आला, “अम्माचा आवाज आहे ना तुमच्याकडे? तेवढा पाठवा गं.”

त्या रात्री आम्ही पेन ड्राइव्ह पहिल्यांदा उघडला. प्रोग्रामने सांगितलं की आवाजाचे तुकडे सापडत नाहीत. पडद्यावर नुसती सरळ रेष. फाइल एक एमबीचीसुद्धा नव्हती. दीड तासाच्या आवाजाला साध्या डब्ल्यूएव्हीमध्ये, एका चॅनेललाही साडेचारशे एमबीहून अधिक जागा लागते, हे तेव्हा कळलं.

चूक आमचीच होती. ‘सेव्ह’ केल्याने गाण्याची फाइल तयार होत नाही, फक्त कामाची नोंद राहते. त्या वेळच्या ऑडॅसिटीत ‘एयूपी’ नावाची छोटी फाइल म्हणजे यादी असे, आणि खरा आवाज शेजारच्या ‘डेटा’ फोल्डरमध्ये सुमारे सहा-सहा सेकंदांच्या तुकड्यांत. आम्ही किराणाची यादी मुंबईला आणली होती, सामान गावीच राहिलं होतं. (२०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून दोन्ही मिळून एकच फाइल होते. पण तीही मोबाइलवर वाजत नाही. त्यासाठी ‘एक्स्पोर्ट’ करावंच लागतं.)

भिजलेला लॅपटॉप अम्मीने जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवला होता. तिचे उपकार! दुरुस्तीवाल्याने त्यातली हार्ड डिस्क काढून वेगळ्या जोडणीने उघडली. बरेचसे तुकडे मिळाले, काही खराब झाले होते. डेटा फोल्डर यादीच्या शेजारी ठेवला आणि दीड वर्षानंतर दादीचा आवाज खोलीत आला. अम्मी उठून आत गेली.

पुढचं सोपं वाटलं, पण नव्हतं. पहिला एमपीथ्री काढला त्यात अम्मीचा आवाज, दादीचा नाहीच. दादीच्या ट्रॅकवर ‘म्यूट’ दाबलेलं राहिलं होतं; म्यूट केलेला ट्रॅक एक्स्पोर्टमध्ये येत नाही. दुसऱ्या वेळी चाळीस सेकंदच निघाले, कारण पूर्ण गाण्याऐवजी निवडलेला भागच एक्स्पोर्ट केला होता. तिसऱ्या वेळी दोघींचे आवाज मिळून फाटले. वेगवेगळे नीट वाजणारे दोन ट्रॅक एकत्र झाले की जोर मर्यादेबाहेर जातो. दोन्हींचा आवाज थोडा उतरवल्यावर गाणं स्वच्छ निघालं.

फुफीला ते व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलं, फक्त तिलाच. कुटुंबाच्या ग्रुपवर टाका असा आग्रह झाला, पण ग्रुपमध्ये कोण कोण आहे हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. दादीची अट तिच्यामागेही पाळायची होती.

दोन दिवसांनी फुफीचा फोन आला. खराब तुकड्यांच्या जागी सहा-सहा सेकंद काहीच ऐकू येत नाही, तिथले शब्द तिला आठवत होते. ती सांगत गेली, आम्ही वहीत लिहीत गेलो. एका जागी तीही अडली. ती ओळ आता कोणाकडेच नाही.

तुमच्या घरी अशी दादी-नानी असेल तर वाट पाहू नका. आधी तिची परवानगी घ्या. रेकॉर्ड झालं की त्याच दिवशी डब्ल्यूएव्ही एक्स्पोर्ट करा. जपायला ती, आणि पाठवायला एमपीथ्री. दोन-तीन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक घराबाहेर. आणि प्रत्येक प्रत दुसऱ्या यंत्रावर शेवटपर्यंत ऐका, शक्यतो तिच्याच शेजारी बसून. काही राहिलं असेल तर ती पुन्हा गाईल.