दोन बोटांची कात्री

तीर्थरूप अण्णांस,


पत्र आलं म्हणून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोनवर तुम्ही शब्द शोधत असता आणि मी घाईनं तुमची वाक्यं पुरी करून टाकते. बहुतेक वेळा चुकीची. कागदावर मला तेवढी घाई करता येत नाही. तुम्हीही सावकाश वाचा, ओळीखाली बोट ठेवून. आईला वाचून दाखवू देऊ नका, ती मधलं गाळते.

दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, त्यानंतरची ती दुपार आठवते? व्यायाम करून घेणाऱ्या त्या मुलीनं विचारलं होतं, "काका, कात्रीनं कापड कसं कापता ते दाखवा बरं. नुसतं हातानं." उजवा हात मांडीवर पडलेला, म्हणून तुम्ही डावा उचललात. आणि पहिली दोन बोटं उघडायला-मिटायला लागलात, लहान मुलं करतात तशी. बोटंच पाती झाली! अंगठा एका कडीत, बोटं दुसऱ्या कडीत, ही शिंप्याची चाळीस वर्षांची पकड कुठे गेली? मी हसले, अण्णा. मला वाटलं, त्या पोरीची थट्टा करताय. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि हात खाली घेतलात.

त्यानंतर घरात आम्ही काय काय बोललो! उजवा गेला, कबूल; पण डावा धडधाकट आहे ना? मग कप का कलंडतो? बटण का लागत नाही? डाव्या हातानं घास नीट उचलला जाईना, तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं, की अण्णांना डाव्या हातानं जेवायचंच नाही. सोवळ्याचा हट्ट. आईनं तर ते शेजारीपाजारीही सांगितलं. वर पुरावा काय, तर कानाशी डास गुणगुणला की तोच डावा हात बरोबर जायचा, चष्मा घसरला की बरोबर वर सारायचा. म्हणजे सोंगच! आरोपीलाही बाजू मांडू देतात हो. तुमचे शब्द त्याच झटक्यात अडकलेले, आणि आमचा निकाल तयार.

शाळेत शिकलेलं तेवढंच मी घोकत होते: मेंदूचा डावा अर्धा भाग उजवा हात चालवतो आणि उजवा अर्धा डावा. ते खोटं नाही. हातांकडे निघालेले बहुतेक तंतू मानेच्या जरा वर, लंबमज्जेत, बाजू बदलतात. पण गोष्ट तिथं संपत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये ह्यूगो लीपमान नावाच्या डॉक्टरांनी अर्धांगवायू झालेल्यांना तुमच्यासारखंच तपासलं. चांगल्या हातानं खुणा करा, हत्यार चालवल्याचं दाखवा. ज्यांची डावी बाजू लुळी पडली होती त्यांना उजव्या हातानं ते जमत होतं. ज्यांची उजवी लुळी, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना धडक्या डाव्या हातानंही जमेना. ताकद होती, काय करायचंय ते कळत होतं. हरवला होता तो बेत.

बेत! तुमचाच शब्द ना? आधी बेतायचं, मग कापायचं. उजव्या हाताच्या माणसांमध्ये दोन्ही हातांचं बेतणं बहुतेक करून मेंदूच्या डाव्या अर्ध्यात होतं. तिथून ते दोन्ही अर्ध्यांना सांधणाऱ्या तंतूंच्या जाड पट्ट्यातून पलीकडे जातं आणि मग डाव्या हाताला पोचतं. तुमचा घाव थेट बेतायच्या टेबलावर बसला होता, आणि आम्ही बोल लावत होतो मशीनला. डास हाकलायला बेत लागत नाही, हात आपसूक जातो. "दाखवा" म्हटलं की अडतं. डॉक्टरांना हे तेव्हापासून ठाऊक आहे. आमच्या घरी यायला शंभरावर वर्षं लागली.

१९९३ साली अमेरिकेत काही जणांना एमआरआयच्या यंत्रात झोपवून नुसती बोटं हलवायला सांगितली होती. उजव्या हाताच्या माणसांनी डाव्या हाताची बोटं हलवली, तरी मेंदूचा डावा अर्धाही चांगला कामाला लागायचा. उजवी हलवली तर उजवा अर्धा जेमतेम. थोरल्या दिरासारखं झालं हे, दोन्ही घरांच्या कारभारात लक्ष!

आणि हो, तुमच्यावर माझाही एक राग आहे. महिन्याभरानं मी हौसेनं तुमची ती जड कात्री तुमच्या डाव्या हातात दिली. कापड पात्यांमध्ये दुमडून अडकलं. तुम्ही कात्री ठेवून भिंतीकडे तोंड केलंत ते संध्याकाळपर्यंत. अहो, ती उजव्या हाताची कात्री! डाव्या हातानं दाबली की पाती एकमेकांना भिडायच्या ऐवजी फाकतात. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? की ठाऊक होतं आणि सांगता येत नव्हतं? मला अजून कळलेलं नाही. आपल्या भाषेनं 'डावलणं' हा शब्द केला, कात्री करणाऱ्यांनीही तेच केलं.

मात्र वाचता वाचता एक गोष्ट सापडली, खरं तर त्यासाठीच हे पत्र. पेनसिल्व्हेनियात रॉबर्ट सेनबर्ग म्हणून एक संशोधक आहेत. ते म्हणतात, हात कोणत्या वाटेनं, किती झोकात जाणार हा हिशेब डाव्या अर्ध्याचा. पण हात नेमका कुठे थांबवायचा, धक्का बसला तरी जागा कशी सोडायची नाही, ते उजव्या अर्ध्याचं कसब. त्या बाजूला मार बसलेल्यांचा चांगला हातसुद्धा निघतो सरळ, पण मुक्कामावर चुकतो. तुमच्यासारख्यांचा निघतानाच वाकडा जातो.

म्हणजे तुमचं धरणं शाबूत असायला हवं. दुकानातल्या पोरांना तुम्ही काय सांगायचात? "उजवा नुसता सुई पळवतो रे, शिवण डाव्यानं धरलेली असते." मी तेव्हा पायमशीनच्या पट्ट्याशी खेळत ऐकायचे आणि वाटायचं, अण्णा उगीच कोड्यात बोलतात.

रविवारी येतेय. माझ्या निळ्या कुडत्याची बाही खांद्यात उसवलीय, इकडच्या टेलरकडे मुद्दाम दिलेली नाही. तुम्ही डाव्या हातानं कापड धरा, अंगठ्याखाली दाबून. दोरा मी ओवीन, सुई मी चालवीन. माझे टाके लांब पडतील, वाकडे तर नक्कीच पडतील. तेव्हा "उसव" हा एक शब्द तुम्हाला शोधावा लागणार नाही.

तुमची,
धाकटी