अंदाज शिकवावा कसा?

२०२२ सालीं बर्मिंगहॅम येथें भारताच्या चार स्त्रियांनीं दक्षिण आफ्रिकेला १७-१० असें हरवून ‘लॉन बोल्स’चें सुवर्णपदक मिळविलें, तेव्हां आपल्याकडील पुष्कळांनीं या खेळाचें नांव प्रथमच ऐकिलें. दुरून पाहणारास तो पेन्शनरांचा विरंगुळा वाटतो. हिरवळीवर आधीं एक लहानसा चेंडू सोडावयाचा. त्यास ‘जॅक’ म्हणतात. मग आपले गोळे त्याच्या जितके जवळ नेतां येतील तितके न्यावयाचे. पण खरी गोम अशी कीं, गोळ्याची घडण मुद्दाम एका अंगास कललेली असते. तो सरळ कधींच जात नाहीं, आणि वेग मंदावूं लागला कीं अधिकच वळतो. गवत वेगवान असेल तर वळण रुंद घ्यावें लागतें. जड असेल तर हाताचा जोर वाढवावा लागतो. ऑस्ट्रेलियांतील हिरवळी बहुधा वेगवान, स्कॉटलंडमधील मंद.

ऑस्ट्रेलियाचे स्टीव्ह ग्लासन यांनीं २००४ सालीं स्कॉटलंडमधील एअर येथें एकेरीचें जगज्जेतेपद मिळविलें. परक्या गवताची पारख त्यांच्या हातास होती, यांत शंका नाहीं. पुढें ते राष्ट्रीय संघाचे शिक्षक झाले. आणि २०१४ सालीं त्याच स्कॉटलंडांत, ग्लासगोच्या राष्ट्रकुल सामन्यांत, ऑस्ट्रेलियाला दहांपैकीं एकही सुवर्णपदक मिळालें नाहीं!

आम्हांस या कारकीर्दींतील हाच भाग अधिक विचार करण्याजोगा वाटतो. घरांतील एखाद्या वडील बाईंना पुरणांतल्या गुळाचें प्रमाण विचारावें, तर ‘अंदाजानें घाल’ एवढेंच उत्तर मिळतें. तें खोटें नसतें. पण नव्या सुनेच्या उपयोगीं पडत नाहीं. हाताला ठाऊक असलेलें शब्दांत आणणें ही निराळीच विद्या आहे, आणि विजेत्याला ती पहिल्यापासून शिकावी लागते. शिवाय शिष्याचा गोळा एकदां हातांतून सुटला कीं कांठावर उभें राहून पाहण्यावांचून गुरूच्या हातीं कांहींच उरत नाहीं. ज्यानें जन्मभर स्वतःच्या हातानें खेळ जिंकले, त्यास हें किती जड जात असेल!

शिक्षकपद ग्लासन यांच्याकडेच राहिलें. २०१८ सालीं गोल्ड कोस्ट येथें ऑस्ट्रेलियानें पांच सुवर्णपदकें मिळविलीं. त्यांतील दोन दृष्टिहीन व दिव्यांग खेळाडूंच्या स्पर्धांतील होतीं. एकेरींत एरन विल्सन यानें कॅनडाच्या रायन बेस्टरला २१-१४ असें हरविलें आणि अंगांतला सदरा काढून तो हिरवळीवर धांवत सुटला. पेन्शनरांचा खेळ म्हणणारांनीं तें दृश्य पाहावयास हवें होतें.

घरचें गवत होतें, त्यांत नवल काय, असें कोणी म्हणेल. पण त्याच वेगवान गवतावर पुरुषांच्या तिघांच्या आणि चौघांच्या दोन्ही अंतिम सामन्यांत ऑस्ट्रेलियाला हरविलें तें मंद हिरवळींवर वाढलेल्या स्कॉटलंडच्या मंडळींनीं.