जिवंत खडक पाहायला वांद्र्याच्या किनाऱ्यावर

सहल म्हटली की आपल्या वस्तीत कार्ले, भाजे नाही तर कान्हेरी ठरलेली असते. लेणी पाहावीतच. तो आपल्या धम्माचा इतिहास आहे. परंतु मुंबईत दोन-तीन पिढ्या काढूनही आपल्यापैकी कित्येकांनी समुद्र पाहिला तो सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेतून, दुरून. ओहोटीला पाणी मागे सरते आणि समुद्राचे घर उघडे पडते, ते पाहायला तिकीट लागत नाही. यंदा माघ पौर्णिमेनंतरच्या सकाळी आम्ही विहारातील अकरा जण वांद्र्याला गेलो, त्याची ही हकीकत.

निमित्त झाले एका मुलाचे. बारावी सायन्सला आहे. घरी काचेच्या पेटीत गप्पी मासे पाळतो. आता त्याला समुद्री माशांची पेटी हवी होती. दुकानदाराने सांगितले, "आधी जिवंत खडक घ्यावा लागेल," आणि किंमत सांगितली. पोरगा गप्प झाला. मग त्याच्या मनात आले, खडक तर किनाऱ्यावर फुकट पडलेत, गोणीभर आणावेत! त्याची आई महापालिकेत सफाई कामगार आहे. ती आम्हाला म्हणाली, "दादा, हा समुद्रावरून दगड आणायचं म्हणतो. आणू देऊ का?" आम्ही म्हणालो, ताई, आधी सगळे मिळून जाऊन पाहू, मग ठरवू.

पौर्णिमा आणि ओहोटी

अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र व पृथ्वी एका रेषेत येतात. दोघांची ओढ एकत्र होते. म्हणून त्या दिवसांत भरती मोठी आणि ओहोटीही खोल. मुंबईत पौर्णिमेच्या सुमारास भरती दुपारी व मध्यरात्री बाराच्या आसपास असते, तर ओहोटी सकाळी व सायंकाळी सहाच्या आसपास. पुढे रोज साधारण पाऊण तास उशीर होत जातो. आदल्या सायंकाळी विहारात वंदना झाली, पहाटेची लोकल धरून वांद्रे पश्चिमेला उतरलो आणि बेस्टच्या बसने बँडस्टँड गाठले. उजाडत होते. पोर्तुगीजांनी १६४० मध्ये बांधलेला किल्ला एका बाजूला, आणि समोर दूरवर काळा, ओला खडक उघडा पडलेला.

लांबून तो खडक ओसाड वाटतो. जवळ वाकून पाहिले तेव्हा पाय कुठे ठेवावा हे कळेना. खडकाला कालवांची खरबरीत साल चढलेली. खळग्यातील पाण्यात समुद्रफुले बोटे पसरून बसलेली. स्पर्श झाला की मिटतात. कुठे हिरव्या बटणांची चटई अंथरावी तसे मऊ जीव एकमेकांना चिकटलेले. दुसऱ्याचा रिकामा शंख पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे पाहून लहान मुले खूष झाली. प्लॅस्टिकच्या पिशव्याही होत्याच. तीही आपल्या शहराचीच देणगी.

एक कोळीण मावशी कालवे काढत होती. आमच्या पोराने एक दगड उलटून पाहिला, तशी ती म्हणाली, "बघ, पण होता तसा परत ठेव. खाली त्यांचं घर आहे." पोराने दगड दोन्ही हातांनी जपून पूर्ववत ठेवला.

खडकातील सफाई

तिथेच बसून आम्ही जिवंत खडकाची गोष्ट सांगितली. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. परंतु पोराच्या प्रश्नापायी महिनाभर वाचन केले होते.

हे नाव थोडे फसवे आहे. मेलेल्या प्रवाळांचा, म्हणजे पोवळ्यांचा, चुनखडीचा सांगाडा म्हणजे हा खडक. तो पावासारखा सच्छिद्र असतो. त्याच्या छिद्राछिद्रांत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहतात, म्हणून तो जिवंत. मासा विष्ठा टाकतो, उरलेले अन्न कुजते. त्यातून अमोनिया तयार होतो. अमोनिया हे माशाला विषच. खडकाच्या वरच्या थरातील जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट करतात. आत खोलवर, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात आणि तो हवेत निघून जातो. ही साखळी तुटली तर रंगीत मासे काही दिवसांत मरतात.

ताई लक्ष देऊन ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे काचेच्या पेटीतसुद्धा आमचं घनकचरा खातं लागतंच म्हणा की!"

सगळे हसलो. परंतु बोलणे खरे होते. पेटी पाहणारा माशाचे कौतुक करतो, पेटी जगवणाऱ्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. शहराचेही तसेच. मात्र येथे एक फरक मुलांना बजावून सांगितला. जिवाणूचे ते अन्नच आहे. निसर्गाने त्याला तसे घडवले. माणसाला असे कोणतेही काम निसर्गाने नेमून दिलेले नाही. ते जातीने चिकटवले, आणि 'ज्याचे त्याला शोभते' असे म्हणून शहाणपणा केला. हाताने मैला उचलण्यास बंदी करणारा कायदा २०१३ मध्ये झाला, तरी त्यानंतरही गटारात उतरून माणसे गुदमरून मेली. म्हणून निसर्गाचे दाखले देऊन जातीची कामे योग्य ठरवणाऱ्यांपासून सावध राहावे.

आणि समुद्राचाच दाखला घ्यायचा तर तथागतांनी दिलेला घ्यावा. अंगुत्तर निकायातील पहाराद सुत्तात समुद्राचे आठ गुण सांगितले आहेत. नद्या समुद्राला मिळाल्या की आपली नावे टाकतात, तसे चारी वर्णांचे लोक संघात आल्यावर जुने नाव-गोत्र टाकतात. समुद्राला एकच चव, मिठाची. धम्मालाही एकच चव, विमुक्तीची. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात संघाला समुद्राची उपमा दिली आहे. समुद्र एकदम खोल होत नाही, हळूहळू उतरत जातो, हाही त्या आठांतलाच एक गुण.

घाई नको

हाच गुण पेटी सुरू करणाऱ्यानेही लक्षात ठेवावा. पहिली पेटी फार लहान नसावी. शंभर लिटर तरी असावी, कारण थोडे पाणी चटकन बिघडते. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. त्यासाठी वेगळे समुद्री मीठ मिळते, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घातक, म्हणून शुद्ध केलेले पाणी वापरावे. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. तेव्हा भर घालायची ती गोड्या पाण्याची. तापमान २५-२६ अंश लागते, आणि मुंबईच्या मे महिन्यात तेच कठीण. पाणी खेळते ठेवणारा पंप बंद पडून चालत नाही. खडक मांडल्यावर चार ते सहा आठवडे, कधी अधिकही, एकही मासा सोडू नये. अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्याचे चाचणीत दिसले की मगच पहिला मासा.

आता गोणीचा प्रश्न. आपला काळा खडक लाव्ह्याचा, बहुतांशी घट्ट. चुनखडीइतकी छिद्रे त्याला नसतात. किनाऱ्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले. आणि मुख्य म्हणजे कायदा. २००१ पासून प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. ते तोडणाऱ्याला कारावास होऊ शकतो. मुंबईच्या खडकांवरही प्रवाळ आहेत. सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी २०२० मध्ये वरळी व हाजी अलीच्या खडकांवरील अठरा प्रवाळ वसाहती हलवाव्या लागल्या, तेव्हा सरकारी यंत्रणेलाही वन विभागाची परवानगी घ्यावी लागली. मग आपण गोणी भरून कशी आणावी?

उपाय आहे. कोरडा सच्छिद्र खडक किंवा कृत्रिम दगड घ्यावा. त्यात बाटलीतील जिवाणू सोडले की काही आठवड्यांत तोही जिवंत होतो. मासाही पैदास केलेला मागावा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम केंद्रात क्लाऊनफिशची पैदास यशस्वी झालेली आहे.

एका कुटुंबाला हा खर्च झेपणारा नाही, हे त्या पोराने वहीत हिशेब मांडून स्वतःच सांगितले. आमच्या अभ्यासिकेत रिकामा कोपरा आहे. वर्गणीतून तिथे सर्व मुलांसाठी एक पेटी करावी, रोजच्या नोंदी आळीपाळीने ठेवाव्यात, असा ठराव पुढच्या बैठकीत येणार आहे. पहिली वर्गणी ताईंनी दिली. त्यांची एकच अट आहे: पेटीवर माशांची नावे लिहाल, तेव्हा खडकातील जिवाणूंचेही नाव लिहा.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी: पावसाळा टाळावा. भरती-ओहोटीची वेळ आधी पाहावी. ओहोटीच्या तासभर आधी पोचावे आणि पाणी वळताच माघारी फिरावे. पायात घट्ट बूट असावेत, कालवे पाय कापतात. उलटलेला दगड पूर्ववत ठेवावा, आणि घरी शंखही आणू नये. त्यात कोणाचे तरी घर असते.

जयभीम!