फरकाचे पैसे

करवीर तालुक्यातल्या आमच्या गावात दिवाळी जवळ आली की बायका एकमेकींना विचारायच्या, "औंदा फरक किती बसला?" दूध संस्थेत घातलेल्या दुधाचं बिल दर दहा दिवसांनी मिळायचं आणि आठवड्याच्या बाजारात संपूनही जायचं. वर्षाचा हिशेब झाल्यावर मात्र जिल्हा संघाच्या गाठीला जे उरे, त्यातून लिटरमागं ठरलेली रक्कम पुन्हा उत्पादकाच्या हातात येई. तो फरक. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे गोकुळ, १९६३ साली उभा राहिला, त्यामुळं मला कळायला लागल्यापासून घरात दिवाळी आणि फरक हे बरोबरच आलेले आहेत. आईच्या दोन म्हशी होत्या. फरकाचे पैसे वडील न मोजता तिच्या हातात ठेवत. त्यातून आमचे कपडे, फराळाचं तेल-गूळ आणि उरलंच तर तिची एखादी वस्तू. एका वर्षी तिनं तांब्याचा बंब घेतला, तो अजून गावाकडं आहे.

ते पैसे कुठून आले हे गावातल्या कुणालाही सांगता यायचं, म्हणून ते माझ्या इतके लक्षात आहेत. दूध मुंबईला गेलं, विकलं, वाहतूक आणि पगार वजा झाले, उरलं ते ज्यानं जितकं दूध घातलं त्याला त्या मापानं. गेल्या सालापेक्षा दहा पैसे कमी बसला तर संस्थेच्या सभेत उभं राहून कारण विचारणारे होते, आणि खुर्चीवरच्या माणसाला उत्तर द्यावं लागे. सहकारात पुढं काय काय झालं ते महाराष्ट्र जाणतो, मी त्याची भलामण करत नाही. पण विचारायला जागा होती.

पुढं पुण्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात मी वाणिज्य शिकवलं. अकरावी-बारावीच्या सहकार विषयात रॉचडेलची गोष्ट येते. इंग्लंडातल्या त्या गिरण्यांच्या गावात २८ विणकर-कारागिरांनी एकेक पौंड साठवून २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेनवर दुकान उघडलं. लोणी, साखर, पीठ, मेणबत्त्या, असा जेमतेम माल. नियम असा की नफा सभासदांत वाटायचा तो भांडवलाच्या नव्हे, खरेदीच्या प्रमाणात. ज्या बाईनं जास्त पीठ नेलं तिला जास्त परतावा. वर्गात हे सांगताना मी दुधाच्या फरकाचा दाखला द्यायची आणि गावाकडून आलेल्या मुलांना ते लगेच उमगायचं.

पुस्तपालनाच्या तासाला दुसरी एक गोष्ट शिकवावी लागे : व्यापारी सूट आणि रोख सूट. व्यापारी सूट बिलातच वजा होते, तिची वहीत नोंद नाही. रोख सूट मात्र वहीत येते, कारण ती वेळेवर पैसे टाकल्याबद्दल असते. उधारी ठेवणाऱ्याला ती नाही. 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी ज्या दुकानात टांगलेली असायची, त्या दुकानाच्या अर्थशास्त्रात रोखीनं घेणारा हा सगळ्यांत चांगला गिऱ्हाईक होता आणि त्याला चार पैसे सोडले जात. कॅशबॅकचा विचार करताना मला वारंवार याच धड्याकडं यावं लागतं.

परत येणाऱ्या पैशाची रूपं मधल्या काळात बदलत राहिली. गांधी जयंतीला खादी भांडारात रिबेट असायचं, तेव्हा सतरंज्या घेतल्या जात. १ जानेवारी २०१५ पासून 'पहल' योजना देशभर लागू झाली आणि गॅस सिलिंडरची पूर्ण किंमत मोजून सबसिडी खात्यावर परत येण्याची वाट पाहणं घरोघर सुरू झालं. आधी पूर्ण पैसे द्या, मग थोडे परत घ्या, ही सवय पुष्कळ घरांना तिथं लागली असं मला वाटतं. मग नोटाबंदी आली आणि पेटीएम. २०१७ च्या सप्टेंबरात गूगलचं तेज आलं, त्याचंच पुढं गूगल पे झालं, आणि मोबाइलच्या काचेवर बोटानं घासायची कार्डं आली.

२०१९ च्या दिवाळीत त्याच ॲपवर पाच चित्रं जमवायची होती. दिवा, झुमका, कंदील मिळत होते, फूल कमी, आणि रांगोळी तर कुणाकडंच नव्हती. पाचही जमली की २५१ रुपये. आमच्या शिक्षक खोलीत त्या आठवड्यात पेपर तपासणं बाजूला राहिलं होतं. शिपायापासून उपप्राचार्यांपर्यंत सगळे एकमेकांना रांगोळी मागत होते. ती मजा खरी होती, मी ती नाकारणार नाही. पण कंपनी हे पैसे नफ्यातून देत नव्हती. माणूस एकदा ॲपवर आला, त्याचं बँक खातं जोडलं गेलं, की त्याला आणण्याचा तो खर्च वसूल झाला. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घ्यायचं नाही असा नियम झाला. ज्या व्यवहारात दुकानदाराकडून कुणालाच काही मिळत नाही, त्यातून परत द्यायला येणार तरी कुठून? घासायच्या कार्डांतून आता बहुधा कुठल्या तरी चपलांच्या दुकानाचं कूपन निघतं.

कॅशबॅकच्या संकेतस्थळांचं गणित मात्र टिकाऊ आहे, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडं कॅशकरो हे त्यातलं ठळक नाव. स्वाती आणि रोहन भार्गव यांनी २०१३ मध्ये ते सुरू केलं, २०१६ मध्ये रतन टाटांनी त्यात गुंतवणूक केली. तुम्ही तिथल्या दुव्यावरून एखाद्या ऑनलाइन दुकानात गेलात की त्या दुव्याला एक खूण चिकटलेली असते. खरेदी झाली की दुकान त्या संकेतस्थळाला कमिशन देतं आणि त्यातला वाटा तुमच्या खात्यावर पडतो. आधी 'ट्रॅक झालं', मग 'पेंडिंग', मग माल परत करायची मुदत उलटल्यावर 'कन्फर्म'. बहुतेक ठिकाणी शेवटचा दुवा ज्याचा, कमिशन त्याचं. म्हणून मधेच दुसरीकडून कूपन आणलं, जाहिराती अडवणारं काही ब्राउझरमध्ये चालू असलं, की खूण पुसली जाते आणि पैसे येत नाहीत. माझा भाचा मँचेस्टरला आहे. तो क्विडको आणि टॉपकॅशबॅक वापरतो आणि विमा, ब्रॉडबँड अशा मोठ्या गोष्टी तिथूनच घेतो. कपड्याच्या जोडीपेक्षा विम्याच्या एका करारावर कंपनी जास्त कमिशन मोजते, हे त्याचं शहाणपण मला पटतं.

कार्डाला जोडलेल्या ऑफर त्याहून आतल्या आहेत. बँकेच्या ॲपमध्ये दिसतं : अमुक हॉटेलात पैसे भरा, दहा टक्के परत. शेजारणीच्या ॲपमध्ये ते हॉटेल नसतं. बँकेला आपला खर्चाचा मागचा सगळा इतिहास माहीत असतो. जे गिऱ्हाईक आपल्याकडं येत नाही, किंवा यायचं थांबलं आहे, त्याला दुकानाला बँकेमार्फत गाठता येतं आणि त्याला ओढून आणण्याचे पैसे दुकान मोजतं. आपल्या डायरीत कधी न लिहिलेल्या सवयी तिथं नीट लावून ठेवलेल्या असतात.

आता मूळ मुद्दा. क्रेडिट कार्डावर पैसे घेतले की दुकानदाराला साधारण दोन टक्क्यांपर्यंत सोडावे लागतात, आणि त्यातला मोठा भाग कार्ड देणाऱ्या बँकेकडं जातो. तिथून आपला कॅशबॅक निघतो. ऑनलाइन दुकानाच्या नावाचं कार्ड असेल तर पाच टक्केही मिळतात, त्यात त्या दुकानाचाही हात असतो. आणखी एक झरा म्हणजे बिल वेळेवर न भरणारे. त्यांना महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीसच्या घरात व्याज पडतं. दुकानदार आपले दोन टक्के कुठं घालणार? किमतीत. आणि किंमत सगळ्यांना एकच असते. कार्डवाल्याला त्यातले काही परत मिळतात. रोखीनं घेणारा तेवढीच किंमत मोजतो आणि त्याला काहीच परत येत नाही. माझ्या तासातली रोख सूट इथं उलटी झाली आहे : रोख देणारा भरतो, उधारीवर घेणारा नेतो.

ही माझी एकटीची शंका नाही. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये अमेरिकेपुरता हिशेब मांडला : रोखीनं व्यवहार करणारं सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्यांकडं सरकवतं आणि कार्ड वापरणाऱ्या सरासरी कुटुंबाला १,१३३ डॉलर मिळतात. युरोपीय संघानं २०१५ च्या कायद्यानं बँकेला मिळणाऱ्या या शुल्कावर मर्यादा घातली : डेबिट कार्डाला ०.२ टक्के, क्रेडिट कार्डाला ०.३. इतक्या तुटपुंज्या शुल्कातून कार्डावर भरघोस परतावा देता येत नाही. मला तो कायदा न्यायाचा वाटतो. आपल्याकडं क्रेडिट कार्डांबाबत तसं व्हावं, माझा कॅशबॅक गेला तरी चालेल.

तोवर मी कॅशबॅक घेते. बिल मुदतीत पूर्ण भरते. जे घ्यायचं आधीच ठरलं आहे त्यावरच घेते. आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडं कार्ड काढत नाही, यूपीआयनं देते, म्हणजे त्याच्या कमाईतले पैसे बँकेकडं जात नाहीत.

या उन्हाळ्यात आमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशींना छताचा पंखा घ्यायचा होता. "तुमच्या मोबाइलवरनं मागवा, स्वस्त पडंल," त्या म्हणाल्या. मोबाइलवर तो १,८९९ ला होता. माझ्या कार्डावर पंचाण्णव रुपये नंतर परत आले असते, आणि ते मी त्यांना दिलेच असते. पण मी त्यांना घेऊन बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. तिथं त्याच पंख्याचे १,९०० सांगितले. मी विचारलं, "रोख देणार, किती सोडता?" दुकानदारानं १,८०० केले. मावशींनी नोटा मोजल्या. बिलावर सूट वेगळी दाखवा, असं मी सांगितलं, कारण बिलात दाखवलेल्या सुटीवर जीएसटी पडत नाही. नंतर बँकेकडून येणाऱ्या कॅशबॅकला तो फायदा नाही. त्यानं बिल पुन्हा काढलं, सुटीची ओळ वेगळी दाखवली आणि मावशींच्या नावानं ते त्यांच्या हातात दिलं.