खाऱ्या पाण्याचे पाहुणे

लोणारचे नाव काढले की मंडळींना आकाशातून कोसळलेली उल्का आठवते, लवणासुर आठवतो, फार तर दैत्यसूदनाच्या देवळावरची शिल्पे आठवतात. पाखरे कुणाला आठवत नाहीत. विवराच्या काठावर उभे राहून, छायाचित्र काढून, लगेच मेहकरची एस.टी. गाठणाऱ्याला लोणार अर्धेच दिसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

माघ सरून फाल्गुन लागला की आमच्या बुलढाणा जिल्ह्यात दुपार तापू लागते, पण पहाटेचा गारवा अजून हटलेला नसतो. त्या वेळी धारेपासून खाली उतरावे. तळे काठापासून सुमारे १३७ मीटर खोल. उन्हे आधी वरच्या कड्यावर येतात आणि खाली बराच वेळ सावली रेंगाळते. शालीचे टोक कानांवर ओढून झाडीतून चालत गेले की एकाएकी वास येतो. नाकाला रुमाल लावणारे पुष्कळ. पण हा वास म्हणजे पाखरांच्या स्वयंपाकघराचा वास आहे, हे ध्यानात घ्यावे.

पाणी नुसते खारट नाही, सोड्यासारखे क्षारयुक्त आहे. हळदीची चिमूट त्यात टाकली तर तिचे कुंकू होते. योगायोग असा की इथे जे बदक पोहताना दिसते त्याचे नावही हळदी-कुंकूच. चोचीचे टोक पिवळे आणि बुडाशी तांबडे ठिपके. कुठल्या गृहिणीने हे नाव ठेवले कोण जाणे. पण आम्हा भाषेच्या मास्तरांना असे नाव सात जन्मांत सुचले नसते!

असल्या पाण्यात माशाने जगावे कसे? म्हणून तळ्यात मासे नसत. मात्र हिरवे-निळे शेवाळ अमाप, आणि काठच्या चिखलात किडे-अळ्यांची रेलचेल. जे पाखरू यावर पोट भरू शकते, त्याला लोणार म्हणजे रोजची पंगत. शेकाट्या आपल्या लाल काटक्यांसारख्या पायांवर चिखल तुडवीत हिंडतात, एखाद्या कडक सोवळ्याच्या गृहस्थासारखे. थापट्या पसरट चोचीने पाणी गाळीत जातो. टिबुकली डुबकी मारते आणि आपण जिथे पाहत नाही नेमकी तिथे वर येते.

चक्रवाकांची जोडी दिसली तर भाग्य. कालिदासाने मेघदूतात यक्षाच्या एकाकी पत्नीला चक्रवाकीची उपमा दिली, तेव्हापासून आम्ही या पाखराला रात्रीचा विरह सोसायला लावला आहे. प्रत्यक्षात त्याला विरहापेक्षा प्रवासाचीच घाई. लडाख-तिबेटकडे परतण्याचे त्याचे दिवस जवळ आलेले असतात.

२००० साली या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२० साली रामसर यादीत नाव गेले. तेव्हाच्या नोंदीत इथले पक्षी १६० जातींचे. पांढऱ्या मानेचा करकोचाही त्यांत आहे. त्याच २०२०च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले आणि लोकांची रीघ लागली. पाणी आटून खार वाढला आणि खारात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांनी तो रंग आणला, असे पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत निघाले.

आता चिंता उलटी आहे. २०२५मध्ये कमळजेच्या देवळापर्यंत पाणी चढल्याच्या बातम्या आल्या, तळ्यात मासे दिसल्याच्याही. धारेचा गोडा झरा पूर्वीचाच, गावाच्या सांडपाण्याची तक्रारही जुनीच. पण पाणी वाढले की खार पातळ होतो, शेवाळ बदलते आणि मग पंगतीला बसणारेही बदलतात. रसायनशास्त्रज्ञ बाटलीत पाणी भरून नेतील ते नेवोत; काठावर दुर्बीण घेऊन बसलेल्याला हा फरक पाखरांवरून कळू शकतो.

गुरे घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्याला मी विचारले, "बाबा, पाखरं कमी झाली का हो?"

"कमी नाई झाली, सर," तो म्हणाला, "येगळी झाली. ते पाहा ना, तो काया."

बुडालेल्या बाभळीच्या वाळक्या फांदीवर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता. पाणकावळा शेवाळ खात नाही. शेकाट्या त्याच्यापासून चार हात दूर, आपल्या चिखलात मुकाट चोच घालीत होते. मी वहीत तारीख घातली आणि पहिले नाव त्याचे लिहिले.