बुडाचा रंग

आम्ही ओहायोतल्या मॅरिएटा गावी राहायला गेलो, तेव्हा नदीपलीकडे विल्यम्सटाउनला फेंटनचा काचकारखाना अजून चालू होता. शेजारच्या बाईंच्या यजमानांचा जन्म त्याच कारखान्यात गेला. ते वारून बरीच वर्षं झाली होती, पण घरातली कपाटं त्यांच्या काचेने भरलेली होती. कार्निव्हल ग्लासमधलं मला आज जे काही कळतं, ते सगळं त्या बाईंचं देणं आहे.

ही काच मुळात गोरगरिबांची. टिफनीच्या इंद्रधनुषी काचेला हात लावायची सामान्यांची ऐपत नव्हती. फेंटनने १९०७मध्ये साच्यात दाबलेल्या काचेवर, ती गरम असतानाच, धातूंच्या क्षारांचा फवारा मारला आणि तशीच झळाळी स्वस्तात घरोघर पोचवली. नॉर्थवुड, इम्पीरियल, डुगन, मिलर्सबर्ग हे कारखानेही लगेच त्यात उतरले. पुढे हा माल जत्रांमधून बक्षीस म्हणून वाटला जाई. कार्निव्हल हे नाव संग्राहकांनी त्यावरूनच ठेवलं. १९७०मध्ये फेंटनने ही काच पुन्हा काढली, तेव्हा बाईंचे यजमान फवाऱ्यावर होते. त्या वाफेने त्यांचा घसा कायम खवखवे, हे बाई अभिमानाने सांगत. मला मात्र ते ऐकताना वाईट वाटे.

‘वरचं विसर, बूड बघ,’ हा त्यांचा पहिला धडा. वरची झळाळी साबणाच्या फुग्यासारखी, सगळे रंग दाखवते आणि फसवते. काचेचा खरा रंग बुडाशी. काळाकुट्ट वाटणारा बोल त्यांनी खिडकीशी धरला आणि बुडातून जांभळा उजेड माझ्या मनगटावर पडला. मग नख कडेवरून सावकाश फिरवायचं. जिथे ते अडकेल तिथे टवका. नव्या मालाच्या बुडाला लंबगोलात फेंटनचं नाव असतं. ते नाव घासून जुन्याच्या भावात माल विकणाऱ्यांचा त्यांना मनापासून संताप यायचा, आणि तो रास्तच होता.

भावाचं गणितही त्यांनीच शिकवलं. ड्रॅगन अँड लोटस नक्षीचा बोल घ्या: एका वर्तुळात ड्रॅगन आणि कमळं आळीपाळीने. मॅरिगोल्ड, म्हणजे बिनरंगी पारदर्शक काचेवरची केशरी झळाळी, सहज मिळते. तोच साचा, तीच नक्षी, पण काच लाल असली की किंमत कितीतरी पट. लाल काच भट्टीत साधणं अवघड, म्हणून ती निघालीच थोडी. लोक नक्षीवर भाळतात. पैसा रंगाला, झळाळीला आणि धड कडेला मिळतो.

‘तुमच्याकडेही ही काच होते, ठाऊक आहे?’ असं त्यांनी एकदा विचारलं. मी पुण्यात वाढलेली, मला पत्ता नव्हता. फिरोझाबादच्या जैन ग्लास वर्क्सने १९३५च्या सुमारास ही काच काढायला सुरुवात केली आणि पुढे कित्येक दशकं काढली. पुढच्या सुट्टीत पुण्याला गेले, तेव्हा जुन्या बाजारात मला एक पातळ, हलका, मॅरिगोल्ड पेला सापडला. बुडाशी इंग्रजी अक्षरांत ‘जैन’. माझ्याच देशातल्या भट्टीची ओळख मला मॅरिएटाच्या काठावरून व्हावी, याचं आजही नवल वाटतं. पेला त्यांना दिला. त्यांनी तो फेंटनच्या रांगेत मधोमध ठेवला.

२०११मध्ये फेंटनच्या भट्ट्या थंडावल्या. त्यानंतर काही वर्षांनी बाई गेल्या. लिलावाची यादी करायला त्यांच्या लेकीने मला बोलावलं. प्रत्येक नग खिडकीशी धरला, रंग लिहिला, कडेवरून नख फिरवलं. लाल ड्रॅगनच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा टवका होता. तो यादीत घातला तर भाव पडणार, हे लेकीलाही कळत होतं. ‘आईने काय केलं असतं?’ तिने विचारलं. टवका मी त्या नगाच्या पहिल्याच ओळीत लिहिला.